विटांची आगगाडी

डेन्मार्कात बिलुंड नावाचं गाव आहे. तिथला सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली धंद्याला त्याने ‘लेगो’ हे नाव दिलं. ‘चांगलं खेळ’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून ते घेतलेलं. पुढे १९५८ साली त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचं पेटंट नोंदवलं.

या विटांची आगगाडी रुळांवर आली १९६६ साली. दीड-दीड व्होल्टचे तीन सेल, म्हणून साडेचार व्होल्टची मोटार. १९६९ साली रुळांच्या मधल्या पट्ट्यांतून १२ व्होल्टची वीज मिळू लागली. १९९१ साली खुद्द रुळांतूनच ९ व्होल्ट. आणि २००६ साली? पुन्हा गाडीतच बॅटरी!

तेव्हा हौशी मंडळींची पंचाईत झाली. नवे रूळ नुसत्या प्लॅस्टिकचे. त्यांवर ९ व्होल्टच्या मोटारीला वीज मिळेना. पण एक गोष्ट कधी बदलली नाही, ती म्हणजे रुळांमधलं अंतर. आपल्याकडे मनमाडला एकेकाळी रुंद आणि मीटर असे दोन्ही रूळ भेटत. एकावरचा डबा दुसऱ्यावर जात नसे. इथे मात्र आजोबांचा १९६६ सालचा डबा नातवाच्या नव्या रुळांवर बिनदिक्कत धावतो.

शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावं : मोटार बदलता येते, माप मोडलं, की जुनं सारं अडगळीत जातं.