संरचित विदेचे स्प्रेडशीटमध्ये रूपांतर

संरचित विदेचे स्प्रेडशीटमध्ये रूपांतर म्हणजे जेसन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही अशा ठरावीक रचनेत साठवलेली विदा, म्हणजेच डेटा, ओळी व स्तंभांच्या तक्त्यात मांडण्याची प्रक्रिया होय. संगणक प्रणाली ज्या स्वरूपांत विदेची देवाणघेवाण करतात, ती माणसांना वाचण्यास सोयीची असतातच असे नाही. त्यामुळे हिशेब, पडताळणी व अहवाल यांसाठी तीच विदा स्प्रेडशीटमध्ये आणावी लागते. हे काम पूर्वी हाताने किंवा स्वतंत्र प्रोग्राम लिहून केले जात असे. अलीकडे त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एजंट साधनेही वापरली जातात.

पार्श्वभूमी

डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला व्हिजिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरील पहिला स्प्रेडशीट प्रोग्राम १९७९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी विक्रीस आला. मायक्रोसॉफ्ट एक्सेलची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी निघाली. एक्सेल २००७ पासून एक्सएलएसएक्स हे त्याचे मूळ स्वरूप झाले. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक एक्सएमएल फाइलींचे झिप केलेले गाठोडे असते.

देवाणघेवाणीच्या स्वरूपांपैकी एक्सएमएलला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९८ मध्ये मान्यता दिली. जेसन हे स्वरूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणले. सीएसव्ही त्याहून जुने असले, तरी त्याचे सर्वसाधारण नियम २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदवले गेले.

रचनेतील फरक

जेसन व एक्सएमएल यांची रचना झाडासारखी असते. एका नोंदीच्या पोटात दुसरी नोंद किंवा नोंदींची यादी असू शकते. स्प्रेडशीटचा तक्ता मात्र सपाट असतो. त्यामुळे रूपांतर करताना पुढीलपैकी एक मार्ग निवडावा लागतो:

• पोटनोंदीतील प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र स्तंभ करणे;
• यादीतील प्रत्येक घटकासाठी नवी ओळ करून मूळ नोंदीची माहिती पुन्हा लिहिणे;
• यादी वेगळ्या पत्रकात ठेवून ती समान क्रमांकाने मूळ नोंदीशी जोडणे.

ही निवड केवळ मांडणीपुरती नसते. समजा, एका पावतीत तीन वस्तू असून एकूण रक्कम ९०० रुपये आहे. दुसऱ्या मार्गाने तीन ओळी केल्यास प्रत्येक ओळीत ९०० हा आकडा येतो आणि स्तंभाची बेरीज २,७०० होते. अशा वेळी तिसरा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

एजंटची कार्यपद्धती

एजंट म्हणजे भाषा प्रारूपाला फाइल वाचणे, प्रोग्राम चालवणे यांसारखी साधने जोडून तयार केलेली प्रणाली. ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या सशुल्क ग्राहकांना कोड इंटरप्रिटर ही सुविधा खुली केली. तिच्यात वापरकर्ता फाइल देऊन साध्या भाषेत सूचना करू शकत असे.

एजंट प्रथम फाइलचा नमुना तपासून तिची रचना ओळखतो. नंतर तो बहुधा पायथॉन भाषेत, पांडाज किंवा ओपनपायएक्सएल या संग्रहांच्या साहाय्याने, प्रोग्राम लिहून चालवतो. त्रुटी आढळल्यास तो प्रोग्राम दुरुस्त करून पुन्हा चालवतो.

प्रारूपाने विदा स्वतः वाचून तक्ता लिहिणे ही याहून वेगळी पद्धत आहे. तीत मोठ्या फाइलमधील ओळी गळू शकतात किंवा मुळात नसलेली मूल्ये तक्त्यात येऊ शकतात. प्रोग्राम मात्र सर्व नोंदींना एकच नियम लावतो. नियम चुकीचा असल्यास चूकही सर्वत्र सारखीच होते, त्यामुळे ती शोधणे सोपे जाते.

विदेची हानी

रूपांतरातील अनेक चुका कोणताही इशारा न देता घडतात:

• आरंभीचे शून्य: पुण्याचा ०२० किंवा मुंबईचा ०२२ हा दूरध्वनी संकेतांक संख्या मानला गेल्यास २० किंवा २२ असा उरतो.
• दीर्घ क्रमांक: एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच राखते. त्यामुळे १६ अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो.
• दिनांक: ०३/०४/२०२४ हा भारतीय पद्धतीने ३ एप्रिल, तर अमेरिकी पद्धतीने ४ मार्च ठरतो.
• लिपी: सीएसव्ही फाइलचे सांकेतीकरण चुकीचे ओळखले गेल्यास देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात.
• आकारमर्यादा: एक्सएलएसएक्स पत्रकात १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ मावतात. जुन्या एक्सएलएसमध्ये ही मर्यादा ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ होती.

पहिल्या दोन चुका टाळण्यासाठी असे स्तंभ आरंभापासूनच मजकूर म्हणून घोषित करावे लागतात.

उल्लेखनीय घटना

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था प्रयोगशाळांकडून आलेली विदा जुन्या एक्सएलएस स्वरूपात घेत होती. ओळींची मर्यादा संपल्याने पुढील नोंदी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

जनुकशास्त्रात एसईपीटी१ व एमएआरसीएच१ ही जनुकनामे एक्सेलमध्ये आपोआप दिनांकांत बदलत असत. अखेर मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. नवे मार्गदर्शक नियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पडताळणी व सुरक्षितता

एजंटने काम पूर्ण झाल्याचे सांगणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे. मूळ फाइल व तक्ता यांतील नोंदींची संख्या, रकमांच्या बेरजा व रिक्त मूल्यांची संख्या ताडून पाहिली जाते. तसेच काही नोंदी हाताने तपासल्या जातात. मूळ फाइल न बदलता ठेवल्यास व वापरलेला प्रोग्राम जपून ठेवल्यास रूपांतर पुन्हा करता येते.

बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर स्प्रेडशीटमध्ये सूत्र म्हणून चालू शकतो. विदेत दडवलेल्या सूचना एजंट आज्ञा समजून पाळण्याचाही धोका असतो. व्यक्तिगत माहिती बाहेरील सेवेकडे पाठवताना भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ विचारात घ्यावा लागतो.

हेही पहा

• स्प्रेडशीट
• जेसन
• युनिकोड
• कृत्रिम बुद्धिमत्ता