कुवेतमध्ये सूर्य मावळतो, ध्रुवाजवळ का मावळत नाही?

कुवेत शहर सुमारे २९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास येथे सूर्य पहाटे पावणेपाचनंतर लगेच उगवतो आणि सायंकाळी सातच्या थोडा आधी मावळतो. म्हणजे दिवस सुमारे १४ तासांचा. त्याच दिवशी मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा, तर लंडनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा असतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात मात्र सूर्य मावळतच नाही.

या फरकाचे कारण पृथ्वीच्या अक्षाच्या कलात आहे. सूर्यापासूनच्या अंतराशी त्याचा संबंध नाही; उलट जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते. पृथ्वीचा अक्ष तिच्या भ्रमणकक्षेच्या लंबाशी २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याची दिशा तीच राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याच्या बाजूला झुकलेला असतो. पृथ्वीने स्वतःभोवती पूर्ण फेरी घेतली तरी ध्रुवालगतचा प्रदेश उजेडातून बाहेर पडत नाही. तेथील रहिवाशांना सूर्य क्षितिजाच्या वरूनच आकाशाची प्रदक्षिणा करताना दिसतो.

यामागचा नियम सोपा आहे. विषुववृत्तापासून सूर्याचे उत्तरेकडील कोनीय अंतर, म्हणजे त्याची क्रांती, आणि स्थळाचा उत्तर अक्षांश यांची बेरीज ९० अंशांपेक्षा अधिक झाली की त्या स्थळी सूर्यास्त होत नाही. क्रांती २३.४ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून ही सीमा सुमारे ६६.६ अंशांवर, आर्क्टिक वृत्तावर येते. वातावरणात प्रकाश वाकत असल्याने प्रत्यक्षात ती किंचित दक्षिणेकडे सरकते. कुवेतसाठी ही बेरीज ५३ अंशांच्या पुढे जात नाही.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा असा याचा एक जुना दाखला आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात, ६६ अंशांहून अधिक अक्षांशाच्या प्रदेशात सूर्य काही काळ सतत दिसत राहतो, असे सांगितले आहे. अक्षाचा कल त्या काळी २४ अंश मानत, म्हणून ६६. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

आज भारतीय शास्त्रज्ञ हे दृश्य प्रत्यक्ष पाहतात. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंद येथे, सुमारे ७९ अंश उत्तरेला, २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे व्यवस्थापन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. तेथे साधारण १८ एप्रिल ते २४ ऑगस्ट या काळात सूर्य मावळत नाही. डिसेंबरमध्ये चित्र पालटते: हिमाद्रीवर रात्र, तर अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या केंद्रांवर अखंड दिवस.

मग चोवीस तास ऊन असूनही ध्रुव गोठलेला का? वातावरणाच्या माथ्यावर मोजले तर जूनअखेरीस उत्तर ध्रुवाला दिवसभरात मिळणारी सौर ऊर्जा कुवेतपेक्षाही अधिक असते. पण तेथील तिरपे किरण हवेच्या जाड थरातून येतात, बर्फ त्यांतील बराचसा भाग परावर्तित करतो आणि उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते. हिमाद्रीवर सूर्य फार तर ३४ ते ३५ अंश वर चढतो. कुवेतमध्ये जूनच्या मध्यान्ही तो ८४ अंशांवर असतो, खाली कोरडी वाळू आणि वर निरभ्र आकाश. कुवेतमधील मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांसाठी १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत कामबंदीचा नियम आहे, तो याच उन्हामुळे. सूर्य किती तास दिसतो यापेक्षा तो किती उंचावरून आणि कशावर तळपतो, हे तापमानासाठी अधिक निर्णायक ठरते.