कलानगरच्या स्टॉपवर उतरणारी माणसं

वांद्रे पूर्व हा मुळात खाडीकाठचा चिखल. स्टेशनच्या पश्चिमेला बंगले, चर्च आणि सिनेमावाले. पूर्वेला दलदल, डास आणि भराव घालायला मोकळी जमीन. पन्नास-साठच्या दशकांत या जमिनीवर वसाहती उठल्या. सरकारी नोकरांची शासकीय वसाहत, मध्यम उत्पन्न गटाची एमआयजी कॉलनी, चित्रकारांचं कलानगर आणि त्याच्या शेजारी मराठी लेखकांची सहकारी गृहनिर्माण संस्था, साहित्य सहवास. माझे वडील सचिवालयात कारकून होते, त्यामुळे आम्ही पडलो शासकीय वसाहतीत. म्हणजे अप्रसिद्धांच्या बाजूला. पण भाजीवाला एक, रेशनचं दुकान एक, आरे दुधाचं केंद्र एक आणि बसस्टॉपही एकच. ज्यांचे धडे मुलांना शाळेत होते, ते लेखक सकाळी दुधाच्या रांगेत आमच्या पुढे उभे असायचे.

प्रसिद्ध माणसाशी, आणि त्याहून अवघड म्हणजे त्याच्या घरच्यांशी, कसं वागायचं याची एक रीत या भागात तयार झाली. ती कुणी लिहून ठेवली नाही. लेखकांनी स्वतःवर बरंच लिहिलं, शेजाऱ्यांवर कमी.

साहित्य सहवासातल्या इमारतींची नावंही वाङ्मयीन. झपूर्झा, शाकुंतल, उषःकाल. केशवसुतांची कविता, कालिदासाचं नाटक, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी. पत्ता सांगतानाच माणसाची परीक्षा व्हायची. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, मं. वि. आणि विजया राजाध्यक्ष, रमेश तेंडुलकर, 'धर्मयुग'चे संपादक धर्मवीर भारती अशी मंडळी तिथे राहायची. हाक कशी मारायची हा पहिला प्रश्न आपोआप सुटला होता, कारण यांतले निम्मे प्राध्यापक होते. छापील पानावर ते 'विंदा', रस्त्यात भेटले की 'करंदीकर सर'. 'सर' म्हटलं की ओळख दाखवल्याचा आगाऊपणाही होत नाही आणि न ओळखल्याचा उर्मटपणाही. मराठी मध्यमवर्गाने यापेक्षा सोयीचा शब्द क्वचितच वापरला असेल.

पुढचा नियम, वाङ्मयाचा विषय आपण काढायचा नाही. पाणी, पाऊस, बस, डास, यांवर वाटेल तेवढं बोलावं. माझा सांगलीचा मामा एकदा कवितांची वही घेऊन आला आणि "करंदीकरांना दाखवून येऊ" म्हणाला. आईने त्याला आधी जेवायला वाढलं, मग दुपारी झोपवलं, संध्याकाळी बाजारात पिशवी धरायला नेलं आणि रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. वही पिशवीतून बाहेर आली नाही. तिचं म्हणणं असं की माणूस घरी बनियनवर बसलेला असताना त्याला कवी व्हायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आईच्या लेखी गंगाधर गाडगीळ म्हणजे नवकथा नव्हे, तूरडाळ. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तिचं काम गाडगिळांनी पुढे कित्येक वर्षं अध्यक्ष म्हणून केलं. शेजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल एकत्र येतो, तो आपणच वाटून घ्यायचा. आमच्या जिन्यावर असा संघ होता. त्यांची एकही कथा न वाचलेल्या बायका "गाडगिळांमुळे डाळ निवडलेली येते" म्हणायच्या. मला वाटतं, लेखकाला शेजारधर्मात याहून मोठा मान मिळत नाही.

टेलिफोनचा नियम सगळ्यांत कडक होता. सत्तरच्या दशकात फोनसाठी वर्षानुवर्षं रांग, आणि ज्याच्याकडे फोन त्याचा नंबर सगळ्या जिन्याचा. पत्रिकेवर नंबराच्या आधी 'पी.पी.' छापलं की समजायचं, फोन शेजाऱ्याचा आहे. नावाजलेल्या माणसाचा नंबर मात्र पी.पी. म्हणून द्यायचा नाही. दिलाच तर मरण किंवा नोकरी, याच दोन कारणांसाठी. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत एका बड्या नावाचा फोन दिला, आणि त्या घरच्या बाई महिनाभर उपवर मुलांचे पगार लिहून घेत बसल्या. त्या बाईंनी तक्रार केली नाही. पण त्या गृहस्थांना नंतर जिन्यावर कुणी थांबवून बोललं नाही.

ही रीत आभाळातून पडलेली नव्हती. आधीच्या पिढीची चाल वेगळी आणि निष्ठुर होती. गोव्याहून आलेल्या मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिकांचं गाणं घरंदाज माणसं रात्र-रात्र ऐकत. गाणं संपल्यावर त्यांना पंगतीत शेजारी बसवायची वेळ आली की तीच माणसं अवघडत. दौऱ्यांवर आईला कशी वागणूक मिळाली, हे किशोरी आमोणकरांनी पुढे उघडपणे सांगितलं, आणि स्वतः मानापमानाबाबत किती करारी राहिल्या हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कौतुक होतं, ओळख नव्हती. आमच्या भागात ते उलट होतं. ओळख भरपूर, कौतुक तोंडावर अजिबात नाही.

याला मी निव्वळ सभ्यता म्हणणार नाही. त्यात एक छुपा तोरा होता. "आमच्या समोरच राहतात, पण आम्ही कधी जात नाही हं" हे वाक्य विनयाने सांगितलं जायचं आणि ऐकणाऱ्याला बरोबर दोन पायऱ्या खाली बसवायचं. न सांगण्याचीही एक जाहिरात असते. शासकीय वसाहतीतल्या आम्हा लोकांना ती जास्त जमायची, कारण सांगण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आणि घरातल्या बायकांच्या बाबतीत ही रीत तोकडीच पडली. नामवंताच्या बायकोला 'वहिनी' म्हणून टाकलं की काम झालं, ती स्वतः काय करते हे विचारायची पद्धत नव्हती. विजया राजाध्यक्ष स्वतः कथाकार, समीक्षक. २००१ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तरी आमच्या जिन्यावर त्यांचं नाव निघालं की आधी 'मं. वि. राजाध्यक्षांच्या पत्नी' हेच यायचं. पुण्यात सुनीताबाई देशपांडे तर पती पु.लं.च्या दारावरचा पहारा म्हणून बदनाम झाल्या. परवानगी आणि मानधन याबाबत त्या काटेकोर, म्हणून लोक नाराज. माझ्या मते हा काटेकोरपणा पु.लं.नी केला असता तर त्याला शिस्त म्हटलं असतं. प्रसिद्ध माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या घरातलं कुणीतरी वाईट व्हावं लागतं. १९९० साली सुनीताबाईंचं आत्मकथन 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा हे बऱ्याच जणींना पहिल्यांदा कळलं.

मग क्रिकेट आलं.

तोवर बाहेरचा पाहुणा 'तेंडुलकर' म्हटल्यावर पार्ल्याच्या नाटककार विजय तेंडुलकरांबद्दल विचारायचा. आम्ही सांगायचो, हे ते नव्हेत, हे कवी रमेश तेंडुलकर, दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठी शिकवतात. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमाच्या दोन मुलांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी त्यातला एक, सरांचा मुलगा सचिन, कराचीत भारताकडून खेळायला उतरला. त्या दिवसापासून प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही. एवढ्या थोड्या काळात घरातला प्रसिद्ध माणूस बदलल्याचं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

आंब्याच्या झाडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारची संध्याकाळ, दूरदर्शनवर 'गाईड', सगळी वसाहत टीव्हीपुढे, आणि पोरं झाडावर. सचिन पडला, घरच्यांनी ठरवलं की याला कामाला लावायला हवं, आणि भाऊ अजितने त्याला शिवाजी पार्कला क्रिकेट शिकवणाऱ्या आचरेकर सरांकडे नेलं. आमच्या भागात त्या झाडाखाली हजर असल्याचं सांगणारी माणसं वर्षागणिक वाढत गेली. त्यांतल्या काहींच्या हिशेबाने 'गाईड' त्या दिवशी कुणीच पाहत नव्हतं. बसमध्ये किटबॅग अडचण करते म्हणून कंडक्टर त्या मुलावर वैतागायचे, हे खुद्द सचिनने सांगितलंय. मी वैतागलो होतो असं सांगणारा कंडक्टर मात्र मला अजून भेटायचाय.

नव्वदच्या दशकात जुन्या रीतीचा कस लागला. लांबचे नातलग वानखेडेचे पास मागू लागले. "तुमच्या शेजारीच ना?" शेजारी नव्हे, रस्त्यापलीकडे, असं सांगितलं तर ते खोटं वाटायचं. याच काळात बाळासाहेब ठाकऱ्यांमुळे कलानगरच्या तोंडाशी बंदोबस्त वाढला. कुणाकडे जायचंय ते आधी पोलिसाला सांगावं लागायचं, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही सगळेच त्यांच्या 'मातोश्री' बंगल्याचे शेजारी झालो.

पण एक गोष्ट वसाहतीने नीट सांभाळली. तेंडुलकर सर दिसले तर लोक आधी त्यांची विचारपूस करत, मुलाची नंतर. सगळे नव्हे, पण जे करत त्यांच्याकडे बाकीचे आदराने पाहत. माझी आई तर मुलाचं नावच काढायची नाही. "त्यांना दिवसातून शंभर जण विचारतात," म्हणायची. तंबाखूच्या जाहिराती करायच्या नाहीत हा वडिलांचा शब्द आपण पाळला, असं सचिन पुढे जाहीरपणे सांगत आला. तेव्हा आईने वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं आणि बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, हे सर."

१९ मे १९९९ रोजी तेंडुलकर सर गेले. विश्वचषक चालू होता. सचिन इंग्लंडहून मुंबईत आला, अंत्यविधी करून परत गेला आणि २३ तारखेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. बातमी आली त्या दिवशी आमच्या जिन्यावर वाद झाला, भेटायला जायचं की नाही. दूधकेंद्रावर भेटणारे सर गेले होते, जायला हवंच होतं. पण जाणारा सांत्वनाला जातोय की बघायला, हे त्या गर्दीत त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आईने आम्हाला घरातच थांबवलं. ती स्वतः खूप दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर, एकटी गेली. कुणाला भेटली, काय बोलली, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती पिढी आता बरीचशी गेली. २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालेले, एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारे आणि पुरस्कारांच्या रकमा मात्र वाटून टाकणारे विंदा १४ मार्च २०१० रोजी गेले. मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि प्रसिद्ध माणसाशी ओळख असणं म्हणजे त्याच्या खांद्याला खांदा लावलेला फोटो असणं, असं ठरून गेलं. त्यावर मी गळा काढणार नाही; माझ्या आईच्या न बोलण्यातही थोडा फोटोच होता.

तुम्ही कधी साहित्य सहवासापाशी आलात तर फाटकातून जरूर आत पाहा, पण इथे लोक राहतात हे ध्यानात ठेवा. आणि तेंडुलकरांच्या घराशी ओळख सांगायचीच असेल तर रमेश तेंडुलकरांचा 'प्राजक्त' किंवा बालकवींच्या कवितेवरचं त्यांचं पुस्तक एखाद्या जुन्या ग्रंथालयात शोधून वाचा. तेवढी ओळख कुणाचीही परवानगी न घेता होते.