न्यायाचा खर्च कोणी उचलावा? हरकीपासून कोर्ट फीपर्यंत

१/ भोकरदनच्या दिवाणी न्यायालयात शेतजमिनीचा दावा दाखल करायचा, तर सर्वसाधारणपणे दाव्यासोबत कोर्ट फी भरावी लागते. न्याय मिळण्याआधीच त्याची किंमत मोजण्याची ही रीत आपल्याकडे पूर्वापार नव्हती. ती कशी आली, याचा हा धागा.

२/ मराठा काळात गोतसभेपुढे वा पंचायतीपुढे निवाडा होई. जिंकलेला पक्ष सरकारात 'हरकी' भरी. हरलेल्याकडून 'गुन्हेगारी' वसूल होई. होय, आज निराळ्या अर्थाने वापरतो तोच हा शब्द! ही पद्धत निर्दोष नव्हती, कारण निवाडा हे सरकारचे उत्पन्नाचे साधन होते. मात्र हा भार निकालानंतर पडे.

३/ कंपनी सरकारच्या बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली दावा दाखल करण्याची फी रद्द केली. न्यायालयांत दावे तुंबले, तेव्हा १७९५ साली ती पुन्हा लादली गेली. कारण दिले निराधार दाव्यांना आळा घालण्याचे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम लिहीत होता की न्यायावरील कर हा संकटात सापडलेल्यावरचा कर आहे.

४/ १८७० च्या कोर्ट फी कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. अनेक दाव्यांत मालमत्तेच्या मूल्यानुसार फी ठरू लागली. समन्स बजावण्याची फी वेगळी. तिचा तक्ता इंग्रजीत व देशी भाषांत न्यायालयात ठळक जागी लावावा, असेही कायद्यात होते. किती शिपाई नेमावेत, याचीही तरतूद त्यातच होती.

५/ दिवाणी न्यायालयांचा खर्च आणि विलंब टाळण्यासाठी सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी १८७० च्या दशकात पुण्यात लवाद न्यायालयाचा प्रयोग केला.

६/ भोकरदन मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे १३२४ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९१४-१५ च्या सुमाराचा, हैदराबाद कोर्ट फी कायदा होता. १९४८ साली संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या मुंबई कोर्ट फी कायद्याने सर्व विभागांना एकच नियम लागू झाला.

७/ त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात बजावले होते की न्यायदानातून शासनाने नफा कमावू नये आणि न्यायाधीशांच्या वेतनाचा भार सर्वसाधारण महसुलाने उचलावा. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की कोर्ट फी हा कर नव्हे. तिचा दिवाणी न्यायदानाच्या खर्चाशी ढोबळ मेळ हवा.

८/ १९५९ च्या कायद्यात दाव्यावरील फीची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. पुढे ती ३ लाखांवर गेली आणि २०१८ पासून १० लाखांवर. दुसरीकडे १९९४ साली महाराष्ट्राने पोटगी, घटस्फोट, मालमत्ता अशा प्रकरणांत स्त्रियांना फी माफ केली.

९/ फी वाढली की शिरस्तेदार, नाझर, लिपिक आणि बेलिफ यांची संख्याही वाढेल, असे वाटते. पण ही रक्कम त्या न्यायालयाच्या तिजोरीत राहत नाही. ती राज्याच्या एकत्रित निधीत जाते. तेथून किती परत यावे, हे अर्थसंकल्प ठरवतो.

१०/ म्हणून फीवाढीची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत. या फीमुळे कोणाचा दावा दाखलच होणार नाही? आणि जमा झालेल्या पैशातून न्यायालयाच्या कार्यालयात खरोखर काय वाढले? हरकीच्या काळापासून उत्पन्न आणि न्याय यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला आहे. ती वही तपासणे हे नागरिकाचे काम.