बांधबंदिस्ती व लहान शेतकरी

उतारावरील शेतजमिनीची धूप थांबविण्यासाठी व पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्यासाठी बांध घालण्याच्या पद्धतीस बांधबंदिस्ती म्हणतात. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात ती पूर्वापार रूढ आहे. शेताच्या हद्दीवरील बांध आणि ओघळीत घातलेली दगडमातीची ताल ही तिची परंपरागत रूपे होत. शेतकरी ही कामे सवडीनुसार, घरच्या माणसांच्या व बैलांच्या बळावर थोडीथोडी वाढवीत असे. अडलेल्या गाळावरील पिकाचा लाभ त्यालाच मिळे.

तत्कालीन मुंबई इलाख्यात सोलापूर व विजापूर येथे १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीच्या संशोधनास चालना मिळाली. पुढे मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम (१९४२) संमत होऊन विस्तृत क्षेत्रांवर समपातळी बांध घालण्यात येऊ लागले. धूप थोपविण्याच्या दृष्टीने ही आखणी शास्त्रशुद्ध होती. तथापि समपातळी रेषा शेताच्या हद्दी पाळीत नसे. मुळात तुटपुंज्या जमिनीचा काही भाग बांधाखाली जाई, वाकड्या पट्ट्यांत पाभर व कुळव चालविणे अवघड होई आणि भारी काळ्या जमिनीत बांधालगत पाणी तुंबून पिकाची हानी होई. बांध फुटल्यास पाण्याचा लोट खालच्या शेतात शिरून शेजाऱ्यांत तंटे होत. परिणामी अनेक बांध दुरुस्तीअभावी खचले व काही ठिकाणी ते शेतकऱ्यांनीच नांगरून टाकले.

जमिनीवरील हक्काची शाश्वती हाही महत्त्वाचा घटक होय. जमीन केव्हा काढून घेतली जाईल याची खात्री नसलेले कूळ दीर्घ मुदतीच्या सुधारणेवर श्रम खर्चीत नसे. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक ठरली व हा अडसर काही अंशी दूर झाला.

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमी योजनेखाली बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. मजुरीमुळे लोक कामावर आले. परंतु काम संपताच मजुरी थांबे व निगेची प्रेरणा उरत नसे. याउलट १९९० पासून या योजनेशी फळबाग लागवडीची जोड दिल्यावर हलक्या जमिनीतूनही उत्पन्नाची आशा निर्माण झाली.

पुरंदर तालुक्यातील (जि. पुणे) नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणलोट क्षेत्रात माती व पाणी अडवून पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात न करता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार करण्यात आले. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क देण्यात आला, उसाला पाणी देण्यास मनाई करण्यात आली आणि खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी उचलला. लाभाचा वाटा आधीच ठरलेला असल्याने कामाच्या निगेत सर्वांचे हित गुंतले.

लहान शेतकरी मृद्‌संधारणास विरोधी नसतो, असे या इतिहासावरून दिसते. त्याला एक-दोन हंगामांतच लाभ हवा असतो व जमीन गमावणे परवडत नाही. जेथे बांध त्याच्या हद्दीशी व अवजारांशी जुळला, हक्क सुरक्षित राहिला आणि अडविलेल्या पाण्यात वाटा मिळाला, तेथे त्याची निगा राखण्यास तो स्वतःहून प्रवृत्त झाला.