ऑलिंपिकची ज्योत

ऑलिंपिकची ज्योत धावत नेण्याची चाल प्राचीन ग्रीकांपासून आलेली आहे, अशी पुष्कळ भगिनींची समजूत असेल. अथेन्समध्ये मशाली घेऊन धावण्याच्या शर्यती होत, हे खरे. पण ऑलिंपिकची ज्योतयात्रा सुरू झाली ती १९३६ साली, हिटलरच्या बर्लिनमध्ये. कल्पना कार्ल डीम या जर्मन गृहस्थांची. ऑलिंपियाहून तीन हजारांवर धावकांनी ज्योत बर्लिनला पोचविली, आणि नाझी राजवटीने तिचा आपल्या बडेजावासाठी यथेच्छ उपयोग करून घेतला. हे मूळ लपवून ठेवण्यात काय अर्थ?

महायुद्धानंतर १९४८ साली ज्योत लंडनला निघाली. पहिला धावक ग्रीक सैनिक होता. त्याने आधी शस्त्र खाली ठेवले, गणवेश उतरविला आणि मगच मशाल हाती घेतली.

ज्योत पेटते ती हेरा देवीच्या भग्न मंदिरापुढे. पुजारिणीच्या वेषातील स्त्री अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून ती पेटविते. आगपेटीचे तेथे काम नाही! आभाळ भरून आले तर सरावाच्या वेळी पेटवून जपलेली ज्योत वापरतात. २०२४ साली तसेच झाले.

गंमत अशी, की याच ऑलिंपियात पूर्वी विवाहित स्त्रियांना खेळ पाहण्याचीही बंदी होती. अपवाद एका देवीच्या पुजारिणीचा. नव्या काळातही पेटविण्याचा मान स्त्रीचा असला, तरी स्पर्धेच्या मैदानातील मुख्य ज्योत प्रज्वलित करण्याचा मान पुरुषांकडेच राहिला. १९६८ साली मेक्सिकोत प्रथमच एन्रिकेटा बासिलिओ ही वीस वर्षांची, अडथळ्यांच्या शर्यतीतील धावपटू मशाल घेऊन त्या उंच पायऱ्या चढून गेली.