अजिंठ्याची भिंत आणि आपली भिंत

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे समितीने सांगितले, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आली ती विहाराची मागची भिंत. तिच्यावर तथागतांचे चित्र काढून घेतले होते. चित्र सुंदर होते. पण दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली, ऑइलपेंट फुगला आणि चीवराचे पापुद्रे निघू लागले. रंगारी फसवून गेला, असे सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो. नंतर वस्तीतल्या मंडळींबरोबर अजिंठा बघून आलो, त्यावर थोडेबहुत वाचले, आणि रंगाऱ्याला उगाच बोल लावला हे कळून चुकले.

लेण्यांत गेले की कुणीतरी म्हणतेच, ही काय माणसाची कामं आहेत का! नाशिकच्या बौद्ध लेण्यांना तर पांडवलेणी असेच नाव पडले. एका रात्रीत कोरली म्हणे. ऐकायला हे कौतुक वाटते, पण आमच्या मते ही चोरी आहे. ज्यांनी हा काळा कातळ फोडला त्यांच्या हातातली अक्कल यात गायब केली जाते.

चैत्य कोरताना कारागीर आधी छत कोरत आणि मग खाली खाली येत. पायाखाली दगडच असल्याने पराती बांधायची गरजच पडत नसे. पण वरून सुरुवात करायची म्हणजे खाली खांब कुठे येणार, स्तूप कुठे राहणार, याचे माप आधीच डोक्यात पक्के पाहिजे. दगड एकदा उडाला की परत जोडता येत नाही. अपुरे राहिलेले २४ नंबरचे लेणे बघावे, म्हणजे काम कसे चालायचे ते दिसते. ४ नंबरच्या लेण्यात तर कातळातल्या दोषामुळे छत कोसळले, तेव्हा त्यांनी ते आणखी वर कोरून घेतले. चूक झाली तर तिच्यावर उपाय काढायचा, याला विज्ञान नाही तर काय म्हणायचे?

आता चित्रांकडे वळू. कातळ गुळगुळीत केला नाही, टाकीचे घाव तसेच खडबडीत ठेवले, म्हणजे गिलावा धरून राहतो. गिलाव्याच्या मातीत भाताचा तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू कालवले, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. इटलीत ओल्या चुन्यावर चित्रे काढीत, अजिंठ्याची रीत तशी नव्हती. आम्ही सायझिंग खात्यातली माणसं, म्हणून हे चिकट द्रव्य वाचून लगेच खळ आठवली. सुताला खळ कमी पडली तर मागावर धागा तुटतो, जास्त झाली तर ताठ होऊन मोडतो. मुरलेला माणूस बोटांत चोळून सांगतो, झाली म्हणून. रंग कालवणाऱ्याची बोटेही तशीच असणार.

रंगही बहुतेक माती-दगडाचेच. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, चुना आणि दिव्याची काजळी. फुलापानांचा रंग उन्हाने उडतो, दगडाचा टिकतो. निळा मात्र जवळपास मिळत नव्हता. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात जी लेणी झाली, त्यांत तो लाजवर्द दगडाचा आहे, आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा.

सगळेच त्यांना साधले असे नाही. अजिंठ्यालाही पाणी झिरपले, आणि तूस-गवत किड्यांनी खाल्ले. पुढे वेरूळच्या कारागिरांनी गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू घातलेले आढळतात. तिथे कीड लागली नाही ती त्यामुळेच, असा निष्कर्ष २०१६ साली संशोधकांनी मांडला.

शिकलेल्या माणसांनीही या चित्रांचे नुकसान केले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि १० नंबरच्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, आपले नाव कोरून गेला. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा पक्का केला, हे मोठे काम. पण चित्रांवर लाखेचा हात फिरवला आणि तो पुढे पिवळा-काळा पडला. १९९९ पासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी ९ आणि १० नंबरच्या लेण्यांत तो थर जपून काढायला घेतला, तेव्हा खालचे जुने रंग दिसले.

आपल्या भिंतीचे नेमके हेच झाले. आत ओल आणि वरून ऑइलपेंटचे कातडे. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग ते रंगच उचलते. चित्रकाराने आपले काम चोख केले होते. भिंत काय मागते हे आपण कुणी गवंड्याला विचारलेच नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. १६ नंबरच्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचा लेख आहे, २६ मध्ये भिक्खू बुद्धभद्राचा आहे. पद्मपाणी कुणी रंगवला ते मात्र लिहिलेले नाही. कार्ल्याच्या चैत्यावर तेवढे वेगळे दिसते. तिथे दार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचे, वेणुवासाचा मुलगा सामी याचे, नाव दगडात आहे. दोन हजार वर्षांमागे सुताराचे नाव धनिकांच्या शेजारी बसू शकत होते. पुढे जातीने हात आणि डोके वेगळे केले, हाताला खालचे ठरवले.

आपल्या विहाराच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे आहेत. आमचेही आहे, १०१ रुपयांचे. गवंड्याचे नाही, रंगाऱ्याचे नाही. येत्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीचा रंग खरवडून, ओल कुठून येते ते शोधून चुन्याचा गिलावा करावा आणि मगच चित्र काढावे, असे आम्ही बैठकीत मांडणार आहोत. चित्राखाली गवंडी आणि चित्रकार या दोघांची नावे असावीत. विहाराच्या पहिल्या बांधकामात पाट्या उचललेल्या आयाबाया, गवंडीकाम केलेली माणसे कोण कोण होती, हे ज्या घरांत आठवत असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर आम्हांस सांगावे. वही घेऊन बसतो.